हरवलेल्या विमानांची वही

चार डिसेंबर, बुधवार. सकाळी सव्वाअकरा. ठिकाण: लातूर, मोंढ्याच्या मागच्या गल्लीतलं आमचं ड्रोन दुरुस्तीचं वर्कशॉप.

हजर: एक, मी, सुनंदा, स्टोअरकीपर, सुटे भाग, पावत्या आणि नोंदवह्या माझ्या ताब्यात. दोन, बसवराज, मेकॅनिक, राहणार उदगीर. तीन, आप्पा, म्हणजे मालक, कपाळावर भस्माच्या तीन रेघा आणि हातात चहाचा कप. चार, उज्ज्वला, वय एकतीस, उदगीरच्या खालच्या अंगाला कर्नाटकाच्या शिवेलगतच्या एका गावची, महिला गटाचं ड्रोन चालवणारी. पाच, तिचा नवरा गौतम, उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी.

गैरहजर: ज्याच्यासाठी आम्ही पाचजण जमलो होतो ते, दहा लिटरच्या टाकीचं फवारणीचं विमान. आदल्या दिवशी दुपारी तुरीवर फवारणी चालू असताना ते उज्ज्वलाच्या डोळ्यांदेखत वर चढलं, जरा थांबलं आणि निघून गेलं.

"थांबलं म्हंजी ताई, माझ्याकडं वळून बगितल्यागत थांबलं," उज्ज्वला म्हणाली. "मग गेलं."

"कुणीकडं?"

"वर. पुढं ऊन डोळ्यात आलं, काय दिसंना."

गौतम म्हणाला, "सोयऱ्यावानी गेलं बगा. जेवला, हात धुतला, निघाला."

ती हसली नाही. हसण्यासारखं तिच्याकडे त्या दिवशी काही नव्हतं. गटाची बैठक रविवारी होती आणि गटाच्या अध्यक्ष शांताबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की रविवारपर्यंत विमान आणून दाखव, नाहीतर पुढचं येईल ते दुसरीच्या हाती जाईल. दुसरी म्हणजे शांताबाईंची सून. तिनंही प्रशिक्षण घेतलं होतं. ड्रोनचा परवाना दहावी पास झाल्याशिवाय मिळत नाही. उज्ज्वला दहावी नापास. तिनं लग्नानंतर बारा वर्षांनी परत फॉर्म भरला, गणितासाठी गौतमच्या पुतणीकडून शिकवणी घेतली, पास झाली, परवाना काढला. त्याआधी ती खुरपणीला जायची. आता गावातली पोरं तिला पायलटीणबाई म्हणत होती. रविवारनंतर काय म्हणतील, हे तिनं मला सांगितलं नाही, पण तिनं मांडीवर धरलेला रिमोट कुणी काढून घेईल अशा भीतीनं धरला होता.

आता माझ्या कामाबद्दल. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या नोकरीतला एखादा अनुभव' मागितलाय, तर नोकरी काय आहे ते आधी सांगायला हवं.

आमचं दुकान पूर्वी फवारणी पंपांचं होतं. ड्रोन आली तशी ती दुरुस्तीला येऊ लागली. खेड्यात याला सरळ 'ईमान' म्हणतात, आणि मीही विमानच म्हणते; पंखा आहे, उडतं, पडतं. आमच्याकडे तीन जातींची येतात: फवारणीची जड, लग्नाच्या शूटिंगची हलकी, आणि जमीन मोजणीची लांब पंखांची. चौथी जात विद्यार्थ्यांची. ती कशाची बनवलेली आहेत हे विद्यार्थ्यांनाही नीट सांगता येत नाही. ही सगळी हरवतात. कधी रिमोटशी संपर्क तुटतो, कधी वारा नेतो, कधी विमानाला आपण कुठून उडालो हेच चुकीचं समजतं आणि ते भलत्याच गावी परतायला निघतं.

हरवलेलं शोधायची साधी पद्धत आहे. शेवटचा संपर्क कुठे झाला, बॅटरी किती मिनिटांची उरली होती, वारा कुठून कुठे होता, हे कागदावर मांडायचं, नकाशावर गोल काढायचा आणि चालायला लागायचं. बहुतेक विमानं अशीच सापडतात. जी सापडत नाहीत त्यांच्यासाठी मी डोळे मिटते.

हे कसं सुरू झालं ते आमच्या नोंदवहीतच आहे. एक गिऱ्हाईक हरवलेल्या विमानाचा रिमोट काउंटरवर ठेवून गेला. मी त्याचा नंबर लिहून घ्यायला तो हातात घेतला, तर डावा तळवा गार पडला आणि डोळ्यांपुढे कांद्याची पांढरी फुलं आणि पत्र्याचं पिंप, म्हणजे टिपाड, आलं. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: 'कांदा, फुलावर आलेला. टिपाड. डावीकडे.' दोन दिवसांनी बसवराजनं तो शेरा वाचला आणि विचारलं, "सुनंदाताई, ह्ये भाजीची यादी चुकून हितं लिवली का?" मी सांगितलं काय झालं ते. तो गिऱ्हाइकाच्या रानात गेला. उत्तरेला, कांद्याच्या बीजवाफ्यात, टिपाडाच्या मागं विमान होतं.

तेव्हापासून मी वेगळी वही केली. रकाने असे: तारीख, मालक, विमानाची जात, काय दिसलं, कुठल्या हाताला, प्रत्यक्षात कुठे सापडलं, आणि शेवटी बरोबर, चूक की अर्धवट. बरोबरचा रकाना चुकीच्यापेक्षा लांब आहे, पण फार लांब नाही. हे मी कुणालाही दाखवते. नांदेडहून एक निवृत्त विज्ञान शिक्षक खास तपासायला आले होते. दिवसभर वही वाचली, तीन वेळा चहा घेतला, जाताना म्हणाले, "बाई, वही प्रामाणिक आहे. तुमच्याबद्दल मला काही सांगता येत नाही." मलाही सांगता येत नाही. मी त्यांना तसं म्हटलं आणि आम्ही चांगल्या मनानं निरोप घेतला.

वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिले आहेत. हरवणाऱ्याचा रिमोट हातात हवा. मनानं मी तो माणूस उभा होता तिथं उभी राहते. मग वस्तू डाव्या किंवा उजव्या हाताला लागते. फक्त उडणारं बघायचं. म्हैस, दागिना, पळून गेलेला जावई, यातलं काही नाही. लोक तरी येतात. एक बाई तर म्हणाली, "माझा नवरा लई उडतो, त्याचं बगा." आणि सगळ्यात वर, लाल शाईत: आधी कागद, मग डोळे.

चुका कशा होतात त्याचा एक नमुना देते. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या मुलांचं स्पर्धेचं विमान हरवलं. सुटे भाग आणायला मी नांदेडच्या दुकानी आठवड्याच्या फेरीला गेले होते, तिथंच रिमोट धरला आणि सांगितलं: गार, ओलं, खूप पाणी. मुलांनी धरण धरलं. दोन भोई, एक जाळं, एक होडी, पूर्ण दिवस. मासे बरेच मिळाले. विमान चार दिवसांनी रोपवाटिकेत सापडलं, हिरव्या जाळीखाली, तुषार सिंचनाच्या फवाऱ्यात. वहीत 'अर्धवट'. मुलांचा पुढारी मला म्हणाला, "काकू, पुढच्या वेळी पाणी किती खोल तेवढं विचारा." दुसरा नमुना लग्नातला. शूटिंगवाल्याचं विमान वरातीत गेलं, मला जेवणारी माणसं आणि लाल कापड दिसलं. तो तीन गावांतल्या पंगती धुंडाळून आला, आणि विमान त्याच लग्नाच्या मांडवावर, त्याच्याच डोक्यावर होतं. ती नोंद 'बरोबर'मध्ये आहे. वर न बघण्याचा दोष त्याचा.

तर बुधवार. बसवराजनं कागद मांडला. बॅटरी पाच-सहा मिनिटांची उरली होती, टाकी रिकामी होत आली होती, म्हणजे विमान हलकं. वारा उत्तरेकडून. त्यानं नकाशावर गावाच्या खाली बोट ठेवलं.

"वारा खालच्या अंगाला हाय. शीव वलांडून कर्नाटकात गेलं आसंल. तिकडं बगू."

मी म्हटलं, "थांब, मी बघते."

इथं माझा स्वतःचाच नियम मोडला. कागद सरळ दक्षिण सांगत होता. तिकडं माणसं धाडायची, नाही मिळालं तर मी डोळे मिटायचे, हा क्रम. पण आधीच्या महिन्यात लागोपाठ चार 'बरोबर' आले होते आणि माणूस यशानं आळशी होतो. मी उज्ज्वलाच्या हातून रिमोट घेतला. तो तिच्या घामानं ओलसर होता. डोळे मिटले.

लगेच आलं. इतकं स्पष्ट कधीच आलं नव्हतं. मी बोलत गेले, आप्पांनी लिहून घेतलं: 'डाव्या हाताला. तासाभराच्या चालीत. पिवळं, खूप पिवळं, बारीक गोळ्यागोळ्यांचं. वर आडवे बांबू. थेंब थेंब पाणी. एक माणूस, तोंडाला रुमाल.'

इतक्या वर्षांत डावा हात म्हणजे उत्तर आणि उजवा म्हणजे दक्षिण, हे मला पाठ झालं होतं. का, याचा विचार मी कधी केला नव्हता.

"वरच्या अंगाला," मी म्हटलं. "उत्तरेला."

उज्ज्वला उठूनच उभी राहिली. "वरच्या अंगाला दत्तूमामाची तूर हाय. फुलावर हाय, पिवळीधम्मक. ठिबक हाय. राखणीला बांबूचा माळा बी हाय."

तीन खुणा, तिन्ही जुळल्या. बसवराजनं नकाशावरचं बोट काढून घेतलं. तो एवढंच म्हणाला, "वाऱ्याला सांगायचं राहिलं म्हना."

गुरुवारी आम्ही दत्तूमामांच्या रानात होतो. गटातल्या आठ बाया, गौतमचे दोन मोंढ्यातले मित्र, बसवराज, मी, आणि बांधावर दत्तूमामा. ते वयानं सत्तरीचे, तूर डोक्याएवढी, आणि आमच्या प्रत्येक पावलाला ते "हळू गं, हळू" म्हणत होते. आम्ही ओळी वाटून घेतल्या. मी सकाळीच यादी केली होती, कोण कुठल्या ओळीत. त्यामुळे काम नीट चाललं. दीड तास झाला असेल, तेव्हा मधल्या ओळीतून एका बाईचा आवाज आला, "घावलं गं उज्ज्वला, घावलं."

उज्ज्वला धावली. तुरीच्या फांद्या तिच्या तोंडावर बसत होत्या, ती थांबली नाही. आम्ही सगळे मागून गेलो. ती एका जागी उभी होती आणि हलत नव्हती.

जमिनीवर विमान होतं. पण ते पांढरं होतं. फोमचं, दोन हात लांब पंखांचं, एका पंखावर निळ्या रंगाची हातानं काढलेली रेघ, शेपटीला दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली. पावसाळा त्याच्यावरून गेलेला दिसत होता. पोटात बॅटरीच्या जागी कुठल्याशा चिमुकल्या पाखरानं गवताचं घरटं केलं होतं आणि सोडूनही दिलं होतं.

उज्ज्वलानं ते दोन्ही हातांनी उचललं, उलटं केलं, परत सुलटं केलं. "ह्ये माझं न्हाई," ती म्हणाली.

मग दत्तूमामा बांधावरून म्हणाले, "माझं बी न्हाई. घेऊन जावा."

संध्याकाळपर्यंत सगळी तूर झाली. माळ्याखाली बघितलं, माळ्यावर बघितलं. आणखी काही नव्हतं. परतताना एक बाई दुसरीला म्हणाली, "शांताबाईची सून चपला घालूनच बसली आसंल बग." उज्ज्वलानं ऐकलं. मीही ऐकलं. गाडीत पांढरं विमान माझ्या मांडीवर होतं. उतरताना बसवराज मला म्हणाला, "ताई, तुमची चूकबी रिकामी जात न्हाई. जायचं एक आणायला, आन आनलं दुसरंच." त्याला मला बरं वाटावं असं वाटत होतं. मला वाटलं नाही. कागद दक्षिण सांगत होता आणि मी एक अख्खा दिवस उत्तरेला घालवला होता. माझा नव्हे, तिचा.

उज्ज्वलाचा रिमोट मी ठेवून घेतला होता. शुक्रवारी दिवसभर सुट्या भागांची मोजणी होती. चारच्या सुमारास ती संपली आणि मी टेबलाशी येऊन रिमोट हातात घेतला. डोळे मिटले तर पापण्यांच्या आत नुसता तांबडा उजेड. शटरमधून ऊन सरळ माझ्या तोंडावर येत होतं. मी वैतागून खुर्ची सरकवली, आणि सरकवता सरकवता थांबले.

नऊ वर्षं मी त्या टेबलाशी बसले. दुपारचं ऊन नऊ वर्षं माझ्या पाठीवर यायचं.

मी कपाटातून सामान हलवण्याची यादी काढली. सोमवारी आप्पांनी वास्तुवाले आणले होते. भांडार सांभाळणाऱ्याचं तोंड पश्चिमेला असावं, माल टिकतो, असं त्यांनी सांगितलं. रॅक कुठे, काउंटर कुठे, सगळं मीच यादी करून हलवून घेतलं होतं. अनुक्रमांक एक: 'स्टोअरकीपरचं टेबल, तोंड पश्चिमेस.' खाली सही माझी.

नांदेडच्या दुकानातही मी नेहमी दाराकडे तोंड करून बसायचे आणि तिथलं दार पूर्वेला आहे. घरी देव्हाऱ्यापुढे बसले तरी तोंड पूर्वेलाच. म्हणजे मला कधी उत्तर-दक्षिण दिसतच नव्हतं. मला फक्त माझे हात कळत होते, आणि बाकीचं काम खुर्ची करत होती.

मी टेबल तिथंच ठेवलं, खुर्ची उचलून उलटी फिरवली, पूर्वेकडे तोंड केलं आणि रिमोट धरला. तेच आलं. पिवळे गोळे, बांबू, थेंब, रुमाल. पण आता उजव्या हाताला.

आप्पा आतून बघत होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "माल टिकावा म्हणून फिरवलं," ते म्हणाले, "आणि ईमानच गेलं की. शिवा शिवा. फिरव बाई परत, टेबल पण फिरव."

उज्ज्वलाला फोन करणं हे त्या आठवड्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. मी ते लगेच उरकलं, कारण अवघड कामं यादीत ठेवली की वाढतात.

"जय भीम ताई."

"जय भीम. उज्ज्वला, मी चुकले. विमान उत्तरेला नाही, दक्षिणेला आहे. बसवराज म्हणत होता तिकडं."

"कसं काय ताई?"

"माझी खुर्ची उलट्या तोंडाची होती. माझ्या ध्यानात आलं नाही."

मागून गौतमचा आवाज आला. "काय म्हनल्या?"

"खुर्ची उलटी हुती म्हनत्यात."

"मग आता?"

"आता आपुन उलटं जायचं," उज्ज्वला म्हणाली. ती मला रागावेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, सकाळी लवकर या. उद्या एकच दिवस हाय."

शनिवारी आम्ही चौघंच गेलो: उज्ज्वला, गौतम, बसवराज, मी. बायांना परत बोलवायचं धाडस उज्ज्वलाला झालं नाही. शीव म्हणजे एक ओढा आणि एक दगड. पलीकडची माती तीच, माणसं कानडी बोलतात. तीन ठिकाणी विचारलं. चौथ्या ठिकाणी तुतीचं रान लागलं आणि त्याच्या कडेला लांबट शेड, पत्र्याची, बाजूनं गोणपाटं टांगलेली. गोणपाटांवर पाणी सोडलेलं होतं, आत गारवा राहावा म्हणून, आणि ते टपकत होतं. थेंब थेंब.

मी थांबले. बसवराजनं माझ्याकडे बघितलं. "ह्येच का?"

"आत बघ."

आत आडव्या बांबूंवर मोठमोठ्या गोल चटया टांगल्या होत्या आणि त्यांच्यावर रेशमाचे कोष, पिवळेजर्द, हजारोंनी. बारीक गोळ्यागोळ्यांचे. दारात एक माणूस आला. तोंडाला रुमाल बांधलेला.

"बर्री, बर्री," तो म्हणाला, म्हणजे या, या. मग उज्ज्वलाच्या हातातला रिमोट त्यानं बघितला आणि मराठीवर आला. "हे तुमचं काय? चार दिवस झालं वाट बघतोय मी. कुणाचं भूत हे?"

त्याचं नाव मल्लप्पा. मंगळवारी दुपारी विमान त्याच्या शेडच्या पत्र्यावर उतरलं होतं, उतरलं म्हणजे आदळलं, आणि टाकीतलं उरलेलं औषध ठिबकत होतं. रेशमाच्या अळीला फवारणीच्या औषधाचा वाससुद्धा चालत नाही. अळ्या कोष विणायला बसल्या होत्या. चार दिवस आधी असतं तर सगळ्या अळ्या संपल्या असत्या, असं तो म्हणाला. त्यानं तोंडाला रुमाल बांधून, काठीला अडकवून विमान खाली घेतलं, वाऱ्याच्या खालच्या बाजूला दूर नेऊन पोत्यानं झाकलं, पत्रा तीन वेळा धुतला. रुमाल तेव्हापासून काढला नव्हता.

"गावात सांगितलं नाही का?" मी विचारलं.

"सांगितलं की. पाटील म्हणाला सरकारचं हाय, हात लावू नको. मास्तर म्हणाला मोजणीचं हाय, तुझं रान मोजत्यात. मी म्हटलं मोजू द्या, पण वास कशाला सोडत्यात?"

उज्ज्वलानं पोतं काढलं. एक पाय मोडला होता, एक पंखा चिरला होता, बाकी विमान धड होतं. ती त्याच्याजवळ खाली बसली आणि टाकीवरून हात फिरवला. मग मल्लप्पाकडे वळून म्हणाली, "मामा, तुमच्या अळ्यांला काय झालं न्हाई न्हवं?"

"दोन चटया गेल्या. बाकी हायती."

"मी येते तुती तोडायला. दोन दिवस. तिसरा बी येते."

"तुतीला बाई नको," मल्लप्पा म्हणाला, "त्या भुताला लांब ठेव एवढं बास." आणि चहा मांडायला आत गेला. (ती गेली. पुढच्या आठवड्यात तीन दिवस.)

बसवराज तिथंच विमान उघडून बसला होता. तो "हं" म्हणाला, मग परत "हं" म्हणाला, आणि आम्हाला बोलावलं. विमानाला आपण कुठं आहोत ते कळवणारी, जीपीएसच्या अँटेनाची वायर अर्धी कुरतडलेली होती. दातांच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या.

"विमान ठेवता कुठं?"

"शांताबाईच्या कोठीत," उज्ज्वला म्हणाली. "भुईमुगाच्या पोत्यांपाशी."

रविवारी बैठकीला मीही गेले. समाजमंदिराच्या ओट्यावर बाया बसल्या होत्या, शांताबाई मध्ये, सून शेजारी. उज्ज्वलानं विमान आणून मधोमध ठेवलं. मोडका पाय बसवराजनं पट्टी लावून बांधला होता. शांताबाई म्हणाल्या, "घावलं ते बरं झालं. पर गेलंच कसं? हातात ऱ्हात न्हाई त्याच्या हातात द्यावं कशाला?"

बसवराजनं ती वायर खिशातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. शांताबाईंनी वायर डोळ्यांजवळ नेली, दूर नेली. सून म्हणाली, "आत्याबाई, मी तुमाला दिवाळीपासून मांजर आना म्हनून राहिले."

बाया हसायला लागल्या. शांताबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो त्यांना जमला नाही. "आता उंदराला का परवाना काढायचा?" त्या म्हणाल्या. "घेऊन जा गं बाई तुझ्याच घरी. तुझं हाय, तूच सांभाळ."

ठराव लिहायला मीच बसले, सवय असल्यामुळे. विमान यापुढे उज्ज्वलाच्या घरी राहील. उज्ज्वलानं सही केली; सही करताना तिनं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि ओळीबाहेर गेलं तरी थांबली नाही.

मी माझ्या वहीत त्या प्रकरणाची नोंद 'चूक' अशी केली आहे. बसवराज म्हणतो 'बरोबर' लिहा, दिसलं ते सगळं खरं होतं. आप्पा म्हणतात 'अर्धवट'. पण उज्ज्वलाचे दोन दिवस गेले ते माझ्यामुळे, आणि दत्तूमामांच्या तुरीच्या फांद्या मोडल्या त्याही. तेव्हा 'चूक'. वहीत एक रकाना मात्र वाढवला आहे: तोंड कुणीकडे.

हे सगळं निस्तरलं तरी ते पांढरं विमान उरलंच. ते रॅकवर आहे, खालून दुसऱ्या कप्प्यात. घरटं मी काढलं नाही. चिठ्ठी लावली आहे: 'सापडलं: पाच डिसेंबर, तुरीच्या रानात. मालक:' आणि पुढे काही नाही.

पूर्वेकडे नीट तोंड करून मी ते तीन वेळा हातात घेऊन बसले. काही येत नाही. हरवणाऱ्याकडून हरवलेल्यापर्यंत मला जाता येतं. उलट्या वाटेनं, वस्तूवरून माणसापर्यंत, मला जाता येत नाही हे मला याच वर्षी कळलं. तेव्हा आता कागद. लातूर आणि नांदेडमधली जिथं जिथं मुलं विमानं बनवतात अशी कॉलेजं, मोजणीची कामं घेणारे, छंद म्हणून उडवणारे, यांची यादी केली, एकेकाला फोटो पाठवला. यादीतल्या बहुतेक नावांपुढे 'नाही' लिहून झालं आहे. विष्णुपुरीच्या मुलांनी तर 'काकू, हे आमच्यापेक्षा चांगलं बनवलंय' असं कळवलं.

उज्ज्वला दर महिन्याला बॅटऱ्या तपासायला येते. आली की आधी रॅककडे जाते.

"घावला का ताई मालक?"

"नाही अजून."

"मी चारच दिवस आभाळाकडं बगत हुते," ती मागच्या खेपेला म्हणाली, "तर मान धरली. त्यो किती दिवस झालं बगत आसंल?"

यादीत एक नाव उरलं आहे. मुदखेडला एक निवृत्त रेल्वे गार्ड घरी हातानं विमानं बनवतात आणि त्यांची मुलगी उदगीरला दिली आहे, असं बसवराजला गाडीत कुणीतरी सांगितलं. मुलीकडे आले असताना त्यांनीच ते उडवलं असेल. पत्ता नाही, फोन नाही, नुसतं स्टेशनाच्या मागं राहतात एवढं कळलं आहे. तिथं विचारत जायला हवं. विमान मावेल असं खोकं मी बघून ठेवलं आहे. मुदखेडला जायचं राहिलं आहे.